चक्कीच्या पिठाचा ब्रेड, स्लो कुकरमध्ये

ओव्हन नाही म्हणून घरी ब्रेड करता येत नाही, ही समजूत आधी बाजूला ठेवूया. राहात्यात आणि आसपासच्या वस्त्यांवर ओव्हन असलेली घरं थोडीच. पण गहू घरचा नाहीतर ओळखीच्या रानातला असतो, चक्की जवळ असते, आणि मुलाने किंवा सुनेने आणून दिलेला एखादा स्लो कुकर माळ्यावर पडून असतो. वरण-भाताला प्रेशर कुकर हाताशी असताना चार-चार तास घेणाऱ्या या भांड्याचं करायचं काय, हे कळत नाही म्हणून तो तिथेच राहतो. तो खाली काढा आणि त्यात ब्रेड करा. चक्कीवर दळलेल्या आपल्या गव्हाच्या पिठाला त्याची मंद, दमट आच छोट्या ओव्हनपेक्षा जास्त मानवते, असं माझं ठाम मत आहे.

कारण पिठातच आहे. दुकानातला पांढरा ब्रेड मैद्याचा. चक्कीच्या पिठात कोंडा असतो, शिवाय दगडांमध्ये रगडलं जाताना त्यातल्या स्टार्चचे कण जास्त फुटतात. त्यामुळे हे पीठ मैद्यापेक्षा बरंच जास्त पाणी पितं. आपल्या पोळ्या मऊ राहतात त्या याच गुणामुळे. असं पीठ छोट्या ओव्हनमध्ये ठेवलं की तापलेली कांब जवळ असल्याने वरची साल लवकर कडक होते, आतली ओल उडून जाते आणि दुसऱ्या दिवशी ब्रेड कोरडा पडून तुटायला लागतो. स्लो कुकरचं झाकण बंद असतं, ओल बाहेर जात नाही, आणि ब्रेड दुसऱ्या दिवशीही मऊ कापला जातो.

काय मिळणार नाही, तेही आधी सांगते. कुरकुरीत, तांबूस साल मिळणार नाही. ब्रेडचा आतला भाग शिजायला त्याच्या मध्यावर ९३ ते ९६ अंश सेल्सियस तापमान यावं लागतं, आणि तेवढं स्लो कुकर सहज देतो. साल तांबूस व्हायला मात्र पृष्ठभाग कोरडा होऊन साधारण १४० अंशांच्या पुढे जावा लागतो. दमट हवेत ते होत नाही. शिर्डीच्या प्रसादालयात सूर्याच्या उष्णतेवर तयार झालेल्या वाफेवर हजारो भक्तांचं अन्न शिजतं, पण वाफेवर शिजलेला पदार्थ तांबूस होत नाही, तसंच हे. कोकणात धोंडस करताना भांड्याच्या झाकणावर निखारे ठेवतात ते वरूनही आच मिळावी म्हणून. स्लो कुकरची आच बुडातून आणि बाजूंनी येते, वरून काहीच नाही. म्हणून ब्रेडचा तळ छान बदामी होतो आणि माथा फिकट राहतो. त्यावरचा उपाय लोखंडी तवा, तो पुढे येईल.

गव्हाची निवड करताना पोळीचा विचार थोडा बाजूला ठेवावा लागतो. ब्रेड फुगतो तो पिठाच्या चिवट ताणावर. यीस्टने सोडलेला वायू धरून ठेवील अशी ताणली जाणारी जाळी पिठात तयार व्हावी लागते. आपल्याकडे सर्रास मिळणारा लोकवन, म्हणजे गुजरातेत सणोसऱ्याच्या लोकभारती संस्थेत तयार झालेला लोक-१, या कामाला चालतो. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाच्या निफाड केंद्रातून आलेले त्र्यंबक, तपोवन, नेत्रावती हेही सरबती जातीचे आहेत, घरात असतील तर तेच घ्या. त्याच केंद्राचा ‘गोदावरी’ मात्र बन्सी गहू आहे. त्याचा रवा आणि शेवया उत्तम, पण त्याची कणीक चिवट असूनही नीट ताणली जात नाही, ब्रेड बसका होतो. खपलीचंही तसंच. खपली पौष्टिक म्हणून सगळा ब्रेड तिचाच करावासा वाटतो, पण तिच्यात वायू धरून ठेवण्याची ताकद कमी. चवीसाठी चौथा हिस्सा घाला, त्याहून जास्त नको.

चक्कीवर एक गोष्ट जरूर सांभाळा. आपल्या भागात ज्वारी-बाजरीचं दळण सतत चालू असतं. बाजरीनंतर लगेच तुमचा गहू टाकला तर पहिलं किलोभर पीठ मिसळीचं येतं. पोळीला ते चालतं, ब्रेडला नाही, कारण बाजरीत तो ताण मुळातच नसतो. कुणाचा तरी गहू दळून झाल्यावर आपला लावायला सांगा आणि पीठ बारीक घ्या. दळून आणलेलं पीठ गरम असतं, ते परातीत पसरून पूर्ण निवल्यावरच डब्यात भरा. ब्रेडसाठी ते मैद्याच्या चाळणीने चाळा. वर राहिलेला जाड कोंडा फेकू नका, थोडा ब्रेडवर लावायला ठेवा. गोव्यातली पोय अशीच कोंड्यासकट असते. एकेकाळी तिथले पोदेर पीठ फुगवायला माडाची सूर वापरत. आपल्याला कोरडं यीस्ट सोपं.

पहिल्या ब्रेडसाठी सगळं पीठ चक्कीचं न घेता थोडा मैदा मिसळावा, म्हणजे हात बसेपर्यंत निराशा होत नाही. तीन ते साडेतीन लिटरच्या कुकरला हे प्रमाण बसतं: चाळलेलं गव्हाचं पीठ २५० ग्रॅम, मैदा १५० ग्रॅम, पाणी २२० मिली, आंबट ताक ७० मिली, मीठ ८ ग्रॅम, गूळ १५ ग्रॅम, शेंगदाण्याचं तेल ४ चमचे, इन्स्टंट यीस्ट ४ ग्रॅम. चमचा म्हणजे चहाचा, ५ मिलीचा. मीठ सपाट दीड चमचा होतं, यीस्ट सव्वा चमचा. पीठ मात्र वाटीने मोजू नका. दाबून भरलेल्या आणि सैल भरलेल्या वाटीत इतका फरक पडतो, की तेच पाणी एकदा कमी आणि एकदा जास्त होतं. छोटा डिजिटल काटा घ्या, बाकी कुठल्याही साहित्यापेक्षा त्याचा उपयोग जास्त आहे. ओलं यीस्ट बेकरीतून मिळत असेल तर कोरड्याच्या तिप्पट, म्हणजे १२ ग्रॅम घ्या.

गूळ पाण्यात विरघळवून गाळून घ्या, गुळात बारीक कचरा असतो. त्यात ताक घाला. पीठ, मैदा, मीठ आणि यीस्ट कोरडंच एकत्र करून हे पाणी ओता, कालवा आणि झाकून २० मिनिटं तसंच राहू द्या. या वीस मिनिटांत कोंडा पाणी पिऊन मऊ होतो. कोरड्या कोंड्याच्या कडा धारदार असतात आणि मळताना तयार होणारी जाळी त्या कापतात. मग तेल घालून दहा ते बारा मिनिटं कणीक चांगली तिंबा. ती पोळीच्या कणकेपेक्षा बरीच सैल असायला हवी, हाताला थोडी चिकटणारी. इथेच बहुतेक जणी घाबरून वरून पीठ घालतात. घालू नका. हात तेलाचा करा, ओट्यावर कणीक आपटून दुमडत राहा, सहाव्या-सातव्या मिनिटाला ती आपोआप गोळा व्हायला लागते. एक लहान गोळी घेऊन दोन्ही हातांच्या बोटांनी ताणा. पातळ पडदा होऊन लगेच फाटला नाही तर तिंबणं झालं. फारच घट्ट वाटली तर चमचाभर पाण्याचा हात लावा. चक्कीच्या प्रत्येक दळणाला पाणी थोडं वेगळं लागतं, ते हातालाच कळतं.

आता कणीक फुगवणं. परक्या पुस्तकांत ‘एक तास’ लिहिलेलं असतं, ते राहात्याच्या हवेला लागू पडत नाही. मे महिन्यात घरातली हवा चाळिशीकडे गेलेली असते, तेव्हा कणीक पाऊण तासाच्या आत दुप्पट होते. तासभर ठेवली तर फुगून बसते आणि आंबूस वास येतो. उन्हाळ्यात पाणी माठातलं घ्या आणि यीस्ट ३ ग्रॅमवर आणा. डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत त्याच कणकेला दोन-अडीच तास लागू शकतात, तेव्हा पाणी कोमट घ्या, बोटाला सुखद वाटेल इतकंच. चटका बसेल अशा पाण्यात यीस्ट मरतं. घड्याळाऐवजी कणकेकडे बघायची एक सोपी युक्ती आहे. कणकेतला लिंबाएवढा तुकडा तोडून काचेच्या उभ्या ग्लासात तळाशी दाबून बसवा, त्याच्या उंचीवर रबरबँड लावा आणि ग्लास कणकेच्या भांड्याशेजारी ठेवा. ग्लासातली उंची दुप्पट झाली की मोठी कणीकही दुप्पट झालेली असते. थंडीत ऊब द्यायला स्लो कुकरचं ‘वॉर्म’ बटण वापरू नका, ते कणकेसाठी फार गरम असतं आणि तळ शिजायला लागतो. बंद कपाटात गरम पाण्याच्या पातेल्याशेजारी कणीक ठेवलेली बरी.

फुगलेली कणीक हलक्या हाताने दाबून हवा काढा, कडा मध्यावर दुमडत नेऊन घट्ट गोळा करा आणि सांधा खाली ठेवा. कुकरच्या चिनी मातीच्या भांड्यात उष्णता सोसणारा बेकिंग पेपर घाला, कडा वर येतील इतका मोठा, म्हणजे नंतर ब्रेड त्याला धरून उचलता येतो. कागद नसेल तर केळीचं पान विस्तवावर हलकं फिरवून मऊ करा आणि तेलाचा हात लावून पसरा. पानगे पानातच भाजतात, ही रीत आपल्याला नवी नाही. गोळा ठेवा, वर पाण्याचा हात फिरवून राखलेला कोंडा किंवा तीळ लावा.

दुसऱ्यांदा पूर्ण फुगण्याची वाट बघू नका. थंडीत वीस मिनिटं, उन्हाळ्यात दहा मिनिटं पुरेत. कारण स्लो कुकर लगेच तापत नाही. भांडं गरम व्हायला पहिला अर्धा तास जातो आणि त्या वेळात कणीक फुगतच असते. आधीच पूर्ण फुगलेली कणीक या अर्ध्या तासात अति होते आणि मग मध्यभागी खचते. स्लो कुकरमधला ब्रेड खचण्याचं सर्वांत मोठं कारण हेच.

झाकण लावण्याआधी त्याच्या आतल्या बाजूला स्वच्छ सुती पंचा ताणून बांधा. हे टाळलं तर वाफेचं पाणी थेंबथेंब माथ्यावर पडतं आणि वरचा थर लगद्यासारखा होतो. पंचाची टोकं झाकणाच्या वर नेऊन मुठीशी गाठ मारा. ती खाली तापलेल्या बाजूवर लोंबता कामा नयेत, याकडे नीट लक्ष द्या. आता बटण ‘हाय’ वर करा आणि पहिला एक तास झाकण अजिबात उघडू नका. एका उघडण्यात साठलेली वाफ जाते आणि ती परत साठायला पंधरा-वीस मिनिटं लागतात. तासानंतर एकदा उघडा, कागद धरून ब्रेड अर्धा फिरवा, कारण बऱ्याच कुकरची एक बाजू जास्त तापते, आणि पंचा भिजला असेल तर बदला. एकूण दोन ते अडीच तास धरा.

वेळ इतकी मोघम सांगण्यामागे विजेचं कारण आहे. स्लो कुकर साधारण २०० ते ३०० वॅटचा असतो, एका ब्रेडला अर्धं ते पाऊण युनिट लागतं. छोट्या ओव्हनच्या तुलनेत बिलात फार मोठी बचत होते असं नाही. फायदा दुसराच आहे: एवढा भार घरच्या इन्व्हर्टरवर चालतो, ओव्हनचा हजार-पंधराशे वॅटचा चालत नाही. मात्र वस्तीवर संध्याकाळी मोटारी चालू झाल्या की व्होल्टेज उतरतं. २३० ऐवजी १८० व्होल्ट आले की उष्णता साठ टक्क्यांच्या आसपासच उरते, कारण ती व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात कमी होते. अशा वेळी अडीच तासांचे चारही होतील. जमलं तर ब्रेड सकाळी लावा.

लाईट गेली तर काय? पहिल्या अर्ध्या-पाऊण तासात गेली आणि वीस मिनिटांत आली तर काही बिघडत नाही. जास्त वेळ लागला तर कणीक अति फुगते, ती काढून पुन्हा गोळा करा आणि लाईट आल्यावर नव्याने सुरू करा. दीड तासानंतर गेली तर झाकण तसंच बंद ठेवा, जाड भांडं उष्णता धरून ठेवतं, जितका वेळ गेला तेवढा शेवटी वाढवा. डिजिटल बटणांचे अनेक कुकर लाईट आल्यावर आपोआप सुरू होत नाहीत, फिरवायच्या खटक्याचे होतात. नवा घेणार असाल तर आपल्याकडे खटक्याचाच घ्या.

झालं की नाही हे माथ्याच्या रंगावरून कळणार नाही. अन्नाचा थर्मामीटर असेल तर मध्यात खुपसा, ९३ च्या वर गेला की ब्रेड शिजला. नसेल तर विणकामाची स्वच्छ सुई मध्यापर्यंत घाला, कोरडी यायला हवी, आणि माथा बोटाने दाबल्यावर परत वर यायला हवा. शंका असेल तर आणखी पंधरा मिनिटं द्या. दमट आचेत थोडं जास्त झाल्याने ब्रेड वाळत नाही.

आता तवा. लोखंडी तवा मध्यम आचेवर तापवा, थोडं तेल किंवा लोणी सोडा आणि ब्रेड उपडा करून माथा तव्यावर टेकवा. माथा गोल असतो, म्हणून हळूहळू कलवत सगळीकडून भाजा. तीन-चार मिनिटांत खमंग वास सुटतो आणि साल बदामी होते. मग जाळीवर काढा. ताटात ठेवू नका, तळाला घाम येतो. आणि दीड-दोन तास सुरी लावू नका. गरम ब्रेडमधला स्टार्च अजून बसलेला नसतो, कापला की सुरीला चिकटतो आणि ब्रेड कच्चा आहे असं वाटतं. घरात मुलं असतील तर हे दोन तास अवघड जातात, पण ते टाळता येत नाहीत.

भांडं गरम असताना थंड पाण्याखाली किंवा ओल्या ओट्यावर ठेवू नका, चिनी माती तडकते.

स्लो कुकर नसेल तर हीच कणीक बिडाच्या किंवा जाड बुडाच्या कढईत होते. कढईत बोटभर जाड मीठ पसरा, वर तिवई ठेवा, झाकण लावून दहा मिनिटं मध्यम आचेवर तापवा, मग तेल लावलेल्या डब्यात कणीक ठेवून मंद आचेवर पाऊण तास ते तासभर. तळ यात जास्त भाजतो. इलेक्ट्रिक राईस कुकरमध्येही होतो, पण तो थोड्या वेळाने आपणहून ‘वॉर्म’ वर जातो, खटका पुन्हा पुन्हा दाबावा लागतो आणि मध्ये एकदा ब्रेड उलटावा लागतो. प्रेशर कुकर पाण्याशिवाय तापवण्याची शिफारस मी करणार नाही. त्याने कुकर खराब होतो, आणि तो घरात रोज लागतो.

साठवण्याबद्दल थोडं सविस्तर सांगते, कारण उन्हाळ्यात खरी अडचण इथे येते. गव्हाच्या कोंड्यावर मातीतले काही जीवाणू बीजरूपात असतात आणि ब्रेड शिजला तरी ती बीजं मरत नाहीत. उष्ण, दमट हवेत ती जागी होतात. आधी जास्त पिकलेल्या खरबुजासारखा गोडसर वास येतो, मग ब्रेडचा मधला भाग चिकट होतो आणि तुकडा ओढला की तार सुटते. बुरशी दिसते तरी, हे वरून दिसत नाही. असा ब्रेड टाकून द्या, जनावरांनाही घालू नका, आणि डबा, सुरी, पंचा व्हिनेगरच्या पाण्याने धुवा. या जीवाणूंना आंबटपणा मानवत नाही. प्रमाणात ताक आहे ते चवीसाठी आणि यासाठीही. एप्रिल-मेमध्ये त्यात एक चमचा व्हिनेगर आणखी घाला. ब्रेड पूर्ण निवल्याशिवाय डब्यात भरू नका. उन्हाळ्यात बाहेर एकच दिवस ठेवा, थंडीत तीन दिवस सुती फडक्यात गुंडाळून राहतो. फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवलात तर खराब होणार नाही, पण तिथल्या थंडीत तो लवकर कडक होतो. त्यापेक्षा काप करून फ्रीझरमध्ये ठेवा आणि लागेल तसा काप थेट तव्यावर टाका. यीस्टचं उघडलेलं पाकीटही घट्ट डब्यात फ्रीझरमध्येच.

दोन-तीनदा हे प्रमाण जमलं की मैदा कमी करत जा: शंभर ग्रॅम, मग पन्नास, मग नाही. मैदा पूर्ण काढलात तर पाणी आणि ताक मिळून ३१० मिलीपर्यंत न्या आणि ब्रेड उंचीला थोडा कमी होईल हे धरून चाला. बाजरीची चव हवी असेल तर चारशे ग्रॅममध्ये साठ ग्रॅमपर्यंत बाजरीचं पीठ चालतं, पण ते उकळत्या पाण्यात भिजवून, निववून मग कणकेत घाला. पाणी ठरलेल्यातलंच घ्या. न भिजवता तसंच घातलं तर ब्रेड भगराळ होतो. लसूण आणि ओवा घालायचा असेल तर लसूण तेलात परतून घ्या, कच्चा लसूण कणीक सैल करतो. आणि थंडीत राहात्याचे पेरू बाजारात आले की किंचित कच्च्या पेरूंची जेली करून ठेवा. पेरूत पेक्टिन भरपूर असल्याने ती वरून काही न घालता, साखर आणि लिंबावर घट्ट होते, आणि तव्यावर शेकलेल्या या ब्रेडला तिच्याइतकं दुसरं काही लागत नाही.